मांडापर्यंतचं वायफाय

आमच्या घरात चुली दोन आहेत आणि राउटर एक. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध चिऱ्यांची भिंत घातली, पण ती वरपर्यंत नेली नाही. कौलांखाली हात-दीड हात जागा मोकळी राहिली. तिथून पलीकडची फोडणी आमच्याकडे येते, आमची भांडणं पलीकडे जातात, आणि ‘दोन दोन कनेक्शनं कशाला?’ असं काकांनी म्हटल्यापासून वायफायही जातं. पेडण्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. वाटणी करायची पण तोंडावर काही बोलायचं नाही, हा आमच्याकडचा स्वभाव. लोक त्याला कौतुकाने सलोखा म्हणतात. मी त्याला भित्रेपणा म्हणते.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लग्न केलं नाही, आईबरोबर राहते, त्यामुळे घरात जे काही वायरीचं असेल ते माझ्या गळ्यात. आईची गाणी हार्ड डिस्कवर भरून ती डिस्क राउटरला जोडण्याचा उद्योगही मीच केला. त्याचं पुढे काय झालं ते लिहायला बसले आहे. राग अजून ओला आहे, तेव्हा तो मधूनमधून दिसेल.

आधी गाण्यांबद्दल. पौषात आमच्या वाड्यावर बायकांचे ढालो होतात. घरासमोरच्या सारवलेल्या मोकळ्या जागेला मांड म्हणतात. तिथे दिवली लावून बायका दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालतात आणि गात गात वाकतात. एकीने गीत उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आमच्या वाड्यावर गीत उचलणारी माझी आई होती. मांड आमच्याच घरासमोर, त्यामुळे मांड राखण्याचा मानही घरातल्या थोरल्या सुनेचा, म्हणजे तिचाच. कुठलं गीत कधी घ्यायचं, कुठल्या कडव्याला ओळीने मागे सरायचं, सगळं तिच्या डोक्यात. पूर्वी हे जेवणं आटोपल्यावर चालायचं. आता बायकांना मोपाच्या विमानतळावर सकाळची ड्युटी असते, म्हणून दिवेलागणीलाच सुरू करून लवकर आवरतात.

मांडावर पुरुषांनी यायचं नसतं. त्यामुळे सगळ्या वाड्याने ऐकलेला आईचा आवाज माझ्या वडिलांना चोरून, खिडकीआडून ऐकावा लागे. ते डिचोलीकडे खाणीवर कामाला होते, रविवारी घरी असायचे. त्यांनी यावर आपल्यापुरता उपाय काढला. आई तांदूळ निवडायला बसली की तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘म्हण.’ आई लाजायची, मग म्हणायची. तशा कॅसेटींचा ट्रंकभर साठा झाला. वर नाव नाही, तारीख नाही, काही नाही. ऐकणारे ते एकटेच होते, त्यांना लिहून ठेवायची गरज वाटली नसावी.

मग ते गेले. पुढच्या पौषात मांड काकीकडे गेला. काकी म्हणजे भिंतीपलीकडची, आईची धाकटी जाऊ. ढालोंच्या पहिल्या दिवशी मांड राखणाऱ्या बाईने घरोघर जाऊन बायकांना बोलवायचं असतं. काकी सकाळी निघाली ती आमचं दार ओलांडून थेट पुढच्या घरी गेली. आमच्या मांडावर नवरा गेलेली बाई ओळीत उभी राहत नाही. हे कोणी तिला सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. आईने दार आधीच अर्धं लोटून घेतलं होतं, म्हणजे काकीला अवघड वाटू नये. या बाईचा अपमान करायचा तर तिचीच मदत मिळते.

त्या संध्याकाळी आई मागीलदारी भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी परत घासत होती. समोर मांडावर काकी गीत उचलत होती. तिचा आवाज वाईट नाही, पण पाठांतराच्या नावाने शंख. दोन कडवी झाली की तिसऱ्याला पहिल्याचंच शेपूट जोडायची. त्या वर्षी ढालो कसेबसे पार पडले. आपल्याकडे ‘गरज सरो, वैद्य मरो’ म्हणतात. इथे गरज सरलेली नव्हती आणि वैद्याला मात्र मेल्यात काढलं होतं.

आई घरात गप्प गप्प झाली. तिला बोलतं करायला म्हणून मी फोन समोर धरून म्हणू लागले, ‘आये, एखादं गीत म्हण.’ वडिलांच्या कॅसेटींत न आलेली पुष्कळ गीतं होती. ती दुपारची, जेवण झाल्यावर भिंतीला टेकून म्हणायची आणि मी भरून घ्यायचे. आवाज जरा खाली गेला होता, पण माझ्या मते जास्त चांगला झाला होता. दोनेक वर्षं असं चाललं. मग मी कॅसेटीही वाजवून वाजवून लॅपटॉपवर उतरवल्या आणि जुनं-नवं सगळं एका हार्ड डिस्कवर टाकलं.

आईला फोन जमत नाही, टीव्हीचा रिमोट जमतो. तेव्हा गीतं टीव्हीवर दिसली पाहिजेत. राउटरच्या पाठीला एक यूएसबीचं भोक असतं, त्यात डिस्क खुपसली की घरातल्या सगळ्यांना ती दिसते, असं माहितीपत्रकात दोन ओळींत लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने ते करून पाहिलेलं नसावं. आमच्या राउटरमध्ये डिस्क फिरवण्याएवढा जीव नव्हता. ती टक-टक करायची आणि मान टाकायची. म्हापशाहून वेगळी वीज घेणारा एक जोड आणला, तेव्हा फिरली. मग राउटरला तिची मांडणी समजेना, म्हणून ती कोरी करून वेगळ्या पद्धतीने मांडली आणि सगळं परत भरलं. एवढं झाल्यावर एका रविवारी टीव्हीच्या पडद्यावर ‘आई’ नावाचा फोल्डर उगवला. मी रिमोट आईच्या हातात दिला.

तिने बटण दाबलं. आपलाच आवाज ऐकून तिने आधी पदर सारखा केला, कोणी पाहुणं आल्यासारखा. मग तोंड वाकडं करून म्हणाली, ‘थंय दम तुटलो.’ आणि तेच गीत परत लावलं. त्या दिवसापासून तिची दुपार टीव्हीसमोर जाऊ लागली. मी शाळेतून आले की ती मला सांगायची, आज कुठलं ऐकलं, कुठे चुकली होती. वडील गेल्यावर ती इतकं पहिल्यांदाच बोलत होती. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

राउटर एक, तेव्हा तो फोल्डर पलीकडच्या टीव्हीवरही उगवणार, हे मला ठाऊक होतं. पासवर्ड घालता आला असता. मी आईला तसं विचारलंही.

‘आयकूं दी गो,’ ती म्हणाली. ‘गीतां काय माजी एकटेची?’

काही दिवसांनी मी शाळेतून आले तर कौलांखालच्या मोकळ्या जागेतून आईचा आवाज येत होता. आई तर समोर भाजी चिरत बसलेली. पलीकडे काकी डिस्कवरचं गीत लावत होती. एक ओळ वाजवायची, थांबवायची, आपण म्हणायची, परत मागे न्यायची. तिसऱ्या ओळीला चुकली. आईची विळी थांबली. तिने मान वर करून भिंतीला ऐकवलं, ‘थंयसर दम घे गो, मागीर उचल.’

पलीकडे डिस्कवरचं गीत बंद झालं. मग काकीचा आवाज आला. ‘वयनी, परत म्हण मगो.’

आईने म्हटलं. काकीने झेललं. आई भाजी चिरत चिरत भिंतीच्या अलीकडून शिकवत होती आणि काकी पलीकडून शिकत होती. मग ते रोजचंच झालं. माझा संताप संताप होत होता. दारावरून पुढे जाताना वयनी दिसत नाही, कौलांखालून बरी ऐकू येते. मी तसं आईला म्हटलंही. आई हसली. दिवाळीनंतर तिने ताक सोडलं आणि रोज सकाळी मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या करू लागली.

‘घसा दुखतो का?’ मी विचारलं.

‘नाय गो. पण मांडार घसो बसलो तर काय करू?’

ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘यंदा आपयतली माका. माज्याकडसून शिकता ती. आपयल्याबिगर रवतली कशी?’ आपयणं म्हणजे बोलावणं. एवढं एक बोलावणं तिला हवं होतं. ती कोणाकडे ते मागणार नव्हती, पण तिने घसा तयार ठेवला होता.

आणि पौषात ढालोंच्या पहिल्या दिवशी, सकाळी, काकी खरोखर आमच्या दारात आली. नवं पातळ, केसांत आबोलीचा वळेसर. आई पेजेचं भांडं उतरवत होती. ते तसंच खाली ठेवून, हात पदराला पुसत ती पुढे झाली. तिचा चेहरा मी पाहिला. तो मला कधी विसरता येणार नाही.

काकी माझ्याकडे वळली. ‘बाय, तुजो वायफाय मांडार पावता काय बघ मगो. ती पेटी जनेलार दवर. गीतां फोनार लावन स्पीकरार घालतंव. आमका एकेकीक काय तोंडपाठ ना.’

आई हात पुसतच उभी होती. काकी तिच्याकडे पाहून अगदी मनापासून म्हणाली, ‘वयनी, तुजो आवाज मांडार जातलो.’

‘आवाज जाणार,’ मी म्हटलं, ‘मग आई का नाही?’

काकीला माझा राग आला नाही. तिने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. ‘तो आवाज भरलो तेन्ना वयनी सवाशीण आसली. भावजी समोर बसान भरी. त्या आवाजाक दोष ना गो.’

म्हणजे तिने विचार करून ठेवला होता. वाड्यावरच्या चार बायकांनी बसून ठरवलंही असेल. बाई विधवा झाली, आवाज झाला नाही. मी तोंड उघडणार, की डिस्कवरची अर्धी गीतं वडील गेल्यावर मी भरली आहेत, एवढ्यात आईने माझ्या दंडाला धरलं. चांगलं दुखेल असं धरलं. आणि म्हणाली, ‘दवर गो पेटी जनेलार.’

मी ठेवली. राउटर, जोड, डिस्क, वायरींचं सगळं जंजाळ खिडकीच्या फळीवर मांडलं. आई आत गेली आणि तिने पेजेत ताक ओतून घेतलं.

दिवेलागणीला मांडावर दिवली लागली. दोन्ही ओळी उभ्या राहिल्या. काकीने फोनवर गीत लावलं आणि स्पीकरमधून आईने ते उचललं. ओळी वाकल्या. आवाज वाड्याच्या टोकापर्यंत जात होता. आई आमच्या दारापुढच्या सोप्यावर बसली होती, मी खिडकीशी उभी होते. आईचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. गीत विहिरीवरच्या सुनेचं होतं. ते मीच भरलेलं, वडील जाऊन वर्ष होऊन गेल्यावरचं. ऐकताक्षणी ओळखलं. आईनेही ओळखलं असणार. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आणि वीज गेली. आमच्याकडे ती जाते, त्यात नवल नाही. स्पीकर बॅटरीवर चालतो, फोनही, पण राउटर डोळे मिटतो, डिस्क थांबते आणि गीत येणार कुठून? दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आवाज तुटला. ओळी वाकलेल्या तशाच राहिल्या. मांडावर फक्त दिवली जळत होती.

सोप्यावरून आईने पुढची ओळ उचलली.

तिने ठरवून केलं असं मला वाटत नाही. जन्मभर मांडावर गीत तुटलं की ते सावरायचं काम तिचं होतं, तोंडातून निघून गेलं. तोच आवाज, तेच गीत, जिथे तुटलं तिथूनच पुढे. दोन्ही ओळींतली एकही बाई हलली नाही. कोणी झेललं नाही. क्षणापूर्वी जिच्या आवाजावर त्या वाकत होत्या, ती प्रत्यक्ष गाऊ लागली तशा त्या ताठ उभ्या राहिल्या.

अंधारातून काकी म्हणाली, ‘वयनी, रव मगो. लायट येतली आता.’

आई अर्ध्या शब्दावर थांबली.

वीज आली. राउटरचे दिवे एकेक करून लागले, डिस्क घुरघुरली, काकीने फोनवर बोट मारलं आणि विहिरीवरची सून पहिल्यापासून सुरू झाली. ओळी वाकल्या. मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी चपला न घालता मांडावर गेले आणि दोन ओळींच्या मधे उभी राहून सांगितलं, की हे गीत माझ्या बाबांनी भरलेलं नाही. ते गेल्यावर मी भरलं, माझ्या फोनवर. विधवेच्या आवाजावर वाकलात तुम्ही, काही झालं का तुम्हाला?

काकीने स्पीकर बंद केला. कोणी भांडलं नाही, कोणी मला बोललं नाही. एकीने दिवलीत तेल घातलं. दुसरी म्हणाली, सकाळी ड्युटी आहे. बघता बघता मांड रिकामा झाला.

आई सोप्यावरच होती. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती रागावली होती.

‘कित्याक सांगलंस?’

‘खरं तेच सांगितलं.’

‘खरां काय ता माका खबर ना?’ ती म्हणाली. ‘माजो आवाज तरी थंय आसलो. तोय तू घरा हाडलंस.’

तोही मी घरी आणला, असं तिचं म्हणणं. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता जेवलो.

सकाळी काकी परत दारात. डोळे सुजलेले. तिच्यावरही वाड्याने तोंड टाकलं असणार, मांड तिचा ना. आत न येता, उंबऱ्याबाहेरूनच ती मला म्हणाली, ‘बाय, भावजी आसताना भरलेली गीतां वेगळी कर मगो. तितकीच लावतंव.’

‘होत नाही ते,’ मी म्हटलं. आणि ते खरं होतं. कॅसेटींवर तारखा नव्हत्या. फाइलींवर तारीख दिसते ती मी डिस्क नव्याने भरली त्या दिवसाची, सगळ्यांवर तीच. कोणतं गीत नवरा असतानाचं आणि कोणतं नसतानाचं, हे कॉम्प्युटरला कळत नाही. त्याला कळत नाही याचा मला मनापासून आनंद झाला.

‘त्याका कळना, माका कळता,’ आतून आई म्हणाली.

ती हात पुसत बाहेर आली, टीव्हीसमोर बसली आणि मला म्हणाली, ‘लाव एकेक. काकणां वाजतात ती पयली. वाजनत ती मागीरची.’

माझ्या हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मी गीतं लावत गेले. तांदूळ निवडताना तिचे हात सुपात फिरायचे आणि वडिलांच्या कॅसेटींत, गीताच्या खाली, काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. प्रत्येक कॅसेटीत. माझ्या फोनवर भरलेल्यांत आवाज स्वच्छ होता. मला वाटायचं, माझा फोन चांगला.

आई मांडीवर मोकळे हात ठेवून ऐकत होती. बांगडी वाजली की म्हणायची, ‘ही घाल.’ नाही वाजली की, ‘ही काढ.’ आपणच आपल्याला निवडत होती, खडे काढल्यासारखी. काकी उंबऱ्याबाहेर उभी राहून मान हलवत होती. मला काकीचा राग येईना. मला आईचा राग आला, असा की रिमोट आपटावासा वाटला. तरी मी दोन फोल्डर केले. बांगड्यांचा एक उघडा ठेवला आणि दुसऱ्याला पासवर्ड घातला.

त्या संध्याकाळी मांड परत भरला. स्पीकरमधून आई गात होती, बांगड्यांसकट, आणि आता ऐकू आल्यावर मला गीतापेक्षा बांगड्याच जास्त ऐकू येत होत्या. ओळी वाकत होत्या, सरळ होत होत्या. आई सोप्यावर बसली होती, पण मांडाकडे बघत नव्हती. तिची नजर खिडकीच्या फळीवर, राउटरच्या दिव्यांवर होती.

‘आज लायट जावची ना मगो?’ तिने मला विचारलं.

‘गेली तर गेली. तुला काय त्याचं?’

‘गेली तर माज्या तोंडातसून गीत येतला गो,’ ती म्हणाली, आणि पदराचा बोळा करून तो ढालो संपेपर्यंत तोंडाशी दाबून बसली.